माशांच्या टाकीतलं गढूळ पाणी आणि शेवाळ: बादली उचलण्याआधी रंग बघा

पाणवेल

नमस्कार मंडळी,

टाकीतलं पाणी गढूळ झालं की घरातलं कोणीतरी बादली घेऊन येतं. मासे तपेल्यात काढले जातात, खडी, फिल्टर, शोभेची झाडं सगळं नळाखाली घासून धुतलं जातं आणि कोरं पाणी भरलं जातं. संध्याकाळपर्यंत टाकी लखलखीत. चार-पाच दिवसांत पाणी पुन्हा तसंच, आणि एखाददुसरा मासा दगावलेला. हे इतक्या घरांत चालतं की एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं. गोड्या पाण्याच्या टाक्यांबद्दलच लिहितेय, खाऱ्या पाण्याचं गणित वेगळं असतं.

पहिलं काम म्हणजे टाकीतलं पाणी एका काचेच्या ग्लासात घ्या आणि मागे पांढरा कागद धरून बघा. पाण्यालाच रंग आहे, की त्यात कण तरंगतायत, की पाणी स्वच्छ असून घाण फक्त काचेवर आहे? या तीन गोष्टींचे उपाय वेगवेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर नुकसान होतं.

तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं पांढुरकं पाणी दिसलं तर तो जिवाणूंचा उद्रेक. नव्या टाकीत हा हमखास येतो. उरलेलं खाणं, माशांची विष्ठा, कुजलेलं पान यावर जगणारे जिवाणू अफाट वाढतात आणि पाण्यात तरंगत राहतात. पाणी बदललं तरी ते काही तासांत दुप्पट होत जातात, म्हणून बदलून उपयोग होत नाही. त्यांचं अन्न तोडायचं. दोन दिवस माशांना काहीही देऊ नका. मोठ्या माशांना याने काही होत नाही, अगदी लहान पिल्लांना मात्र उपाशी ठेवू नका. एअर पंप चोवीस तास चालू ठेवा, कारण हे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन खातात. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर ते त्याचंच लक्षण. साधारण आठवडाभरात पाणी आपोआप निवळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. माशांच्या उत्सर्जनातून अमोनिया तयार होतो आणि तो विषारी असतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात (तेही विषारीच), दुसरे त्याचं नायट्रेट करतात, जे बऱ्याच प्रमाणात चालतं. या जिवाणूंची वसाहत नव्या टाकीत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. ते पाण्यात फार कमी असतात. फिल्टरचा स्पंज, खडी, काच अशा पृष्ठभागांवर चिकटून राहतात. म्हणजे थोडं पाणी बदललं तर ते कुठे जात नाहीत, पण स्पंज नळाखाली पिळला की क्लोरीनने अख्खी वसाहत जाते आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवशी येते. स्पंज धुवायचा तर टाकीतूनच काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोन-तीनदा पिळा. तपकिरी गाळ निघेल, तेवढा पुरे. स्पंज पूर्ण पांढरा दिसायची गरजच नाही.

पाणी आठवड्याला पंचवीस-तीस टक्के बदला, सायफन नळी खडीत खुपसून तळाचा गाळ ओढून घ्या. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत हिशेबाने साधारण 57 लिटर पाणी मावतं, खडी वगैरे धरून प्रत्यक्षात 45 च्या आसपास. म्हणजे एक मोठी बादली झाली.

खडी भरल्या भरल्या आलेला राखाडी गढूळपणा ही न धुतलेल्या खडीची धूळ. फिल्टरमध्ये उशीत भरतात तो कृत्रिम धाग्यांचा पांढरा कापूस ठेवा, एक-दोन दिवसांत धूळ त्यात अडकते. लाकडाचा ओंडका टाकल्यावर आलेला पिवळसर-तपकिरी रंग टॅनिनचा, माशांना त्याचा त्रास नाही. नको असेल तर फिल्टरमध्ये सक्रिय कोळसा ठेवा.

हिरवं पाणी आणि काचेवरची शेवाळं यावर प्रतिसादांत बोलू. आपापल्या टाकीचं माप, मासे, पाणी नळाचं की बोअरचं, आणि दिवा किती तास चालू असतो हे लिहून प्रश्न विचारा.

---

दुपारचा_चहा

ताई, फार छान लिहिलंत. आमची टाकी दादरला आहे, दोन फुटी, सहा मोली आणि दोन एंजल. सासूबाई म्हणतात, गावी विहिरीच्या पाण्यात तुरटी फिरवली की सकाळपर्यंत पाणी नितळ व्हायचं, मग टाकीत फिरवायला काय हरकत? पालिकाही तुरटीच वापरते ना?

---

पाणवेल

चहाताई, सासूबाईंचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. जलशुद्धीकरण केंद्रांत तुरटीच्याच कुळातली ॲल्युमिनियमची संयुगं वापरतात. तुरटीने मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाला बसतात. निवळीच्या बिया उगाळून घालायची जुनी पद्धत होती, तीही कण बसवण्याचीच. पण त्या हंड्यात कोणी राहत नव्हतं, आणि वरचं पाणी ओतून घेऊन गाळ टाकून दिला जायचा. टाकीत गाळ तिथेच राहतो आणि त्यातच मासे श्वास घेतात.

दुसरं असं की तुरटी पाण्यातली क्षारता खाते. मुंबईचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा पावसाने भरणाऱ्या तलावांतलं, मृदू. त्यात पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा, कमी म्हणजे जास्त आम्ल) धरून ठेवणारे कार्बोनेट आधीच कमी. तुरटीने पीएच घसरतो आणि आम्लधर्मी पाण्यात विरघळलेलं ॲल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांना घातक ठरतं. तुमच्या पाण्याचा रंग कसा आहे ते कळवा. पांढुरका असेल तर तुरटीचा तसाही उपयोग नाही, कारण जिवाणूंचं अन्न टाकीत तसंच राहतं.

---

दुपारचा_चहा

पांढुरका. दिवसातून तीनदा खाणं पडतं, मुलं शाळेतून आली की एकदा, रात्री हे एकदा.

---

पाणवेल

मग कारण तिथेच आहे. खाण्याची डबी एकाच माणसाच्या ताब्यात द्या. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच. मुलांना मन मोडल्यासारखं होईल, तर सायफन लावण्याचं आणि बादलीतल्या पाण्यात क्लोरीन काढणारे थेंब मोजून टाकण्याचं काम त्यांना द्या. मुलं ते काम फार जबाबदारीने करतात.

---

पंचगंगा_काठ

कोल्हापूरकडून रामराम. आमच्याकडे बोअरचं पाणी, प्रचंड जड. तुरटीबद्दल एक भर घालतो. जड पाण्यात पीएच तितका घसरत नाही, पण चिकट गाळ खडीत जाऊन बसतो आणि सायफनने ओढता ओढत नाही. म्हणजे जड पाणी असलं तरी नकोच.

बोअरवाल्यांसाठी दोन गोष्टी. ताजं पाणी ओतल्यावर जी धूसर झाक येते ती बऱ्याचदा बारीक बुडबुड्यांची असते. ग्लासात भरून ठेवा, तासाभरात खालून वर स्वच्छ होत गेलं तर बुडबुडे. त्याला काही करायचं नाही. आणि काचेच्या वरच्या कडेला पांढरी खरखरीत रेघ धरते ती क्षारांची. ती शेवाळ समजून लोक तासन्‌तास घासतात. पाण्याची पातळी चार बोटं खाली आणून कापडाला व्हिनेगर लावून पुसली की निघते. व्हिनेगर पाण्यात पडू देऊ नका.

आणखी एक, आणि हे फार लोकांना ठाऊक नसतं. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. एक फारसा बाधत नाही, दुसरा विषारी. पीएच 7 वरून 8 वर गेला की विषारी भाग नऊ-दहा पट होतो. बरेच महिने दुर्लक्षित टाकीत पाणी आम्लधर्मी झालेलं असतं, त्यात अमोनिया साचलेला असतो पण मासे तग धरून असतात. अशा टाकीत एकदम निम्म्याहून जास्त बोअरचं पाणी ओतलं की पीएच वर जातो आणि तोच साचलेला अमोनिया तासाभरात मासे मारतो. लोक म्हणतात "नवीन पाणी बाधलं". अशा टाकीत रोज दहा टक्के बदला, घाई करू नका.

---

पाणवेल

पंचगंगादादा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. अख्खं पाणी बदलल्यावर मासे का मरतात याचं इतकं नेमकं कारण दुकानात कोणी सांगत नाही.

---

सह्यवारा

माझा प्रश्न हिरव्या पाण्याचा. पुणे, कोथरूड. तीन फुटी टाकी, गोल्डफिश चार. टाकी हॉलमध्ये आहे, दक्षिणेकडच्या गॅलरीपासून पाच-सहा फूट आत. उन्हाळ्यात पाणी काचेसारखं स्वच्छ. दिवाळीनंतर हळूहळू हिरवं होतं, जानेवारीत मासेच दिसत नाहीत. उन्हाळ्यात ऊन जास्त, मग शेवाळ हिवाळ्यात कसं? खाणं तेच, मासे तेच, दिवा तोच.

---

पाणवेल

दिशा सांगितलीत ते फार चांगलं झालं, उत्तर त्यातच आहे. मे महिन्यात पुण्यात सूर्य भरदुपारी जवळपास डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत ऊन कठड्यापाशीच थांबतं. डिसेंबरात भरदुपारीही सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून साधारण 48 अंशांवरच असतो, सकाळ-संध्याकाळ त्याहून खाली. तेव्हा तेच ऊन घरात पाच-सहा फूट आत येतं. एखाद्या रविवारी अकरा ते तीन टाकीकडे लक्ष ठेवा, उन्हाचा पट्टा काचेवर सरकताना दिसेल. हिरवं पाणी म्हणजे तरंगणारं सूक्ष्म एकपेशीय शेवाळ, आणि गोल्डफिशच्या टाकीत त्याला खतही भरपूर मिळतं.

गॅलरीच्या बाजूची काच काळ्या कागदाने झाका किंवा दुपारी पडदा ओढा. टाकीचा दिवा सहा-सात तासांवर आणा आणि प्लगला टायमर लावा.

आत्ताचं हिरवं पाणी घालवायला अंधार करावा लागेल. तीस टक्के पाणी बदला, मग टाकी चारी बाजूंनी आणि वरून जाड चादरीने झाका. तीन ते चार दिवस. दिवा बंद, खाणं बंद, डोकावून बघणं बंद, एअर पंप मात्र पूर्ण वेळ चालू. मेलेलं शेवाळ कुजतं, ऑक्सिजन खातं आणि अमोनिया सोडतं, म्हणून झाकण काढल्याबरोबर पुन्हा तीस-चाळीस टक्के पाणी बदला. खरी झाडं असली तर त्यातली दणकट झाडं इतके दिवस काढतात.

---

निळी_काच

यूव्ही दिव्याचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. पाणी यूव्ही नळीजवळून फिरवलं की तरंगतं शेवाळ आणि तरंगते जिवाणू दोन्ही मरतात. तीन फुटी टाकीत हिरवं पाणी आठवड्याच्या आत उतरतं. फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंना धक्का लागत नाही, कारण ते चिकटून बसलेले असतात. काचेवरच्या शेवाळाला मात्र याचा काही उपयोग नाही. आणि नळी निळी दिसत राहिली तरी वर्षभर सतत चालल्यावर तिची ताकद उतरते, ती बदलावी लागते. चालू नळीकडे उघड्या डोळ्यांनी बघू नये, मुलांना आधी सांगून ठेवा.

सह्यवारा, पडदा मात्र आधी. ऊन येतच राहिलं तर यूव्ही वर्षभर चालवत बसाल.

---

मोगरा_खाडीपलीकडे

मी सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहते. इथल्यांसाठी एक सूचना. भारतात पाणी बादलीत चोवीस तास उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातं, तीच सवय आपण इथे घेऊन येतो. इथे 2004 पासून पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असतं, ते असं उडत नाही. साध्या थायोसल्फेटच्या थेंबांनी क्लोरीनचा भाग निघतो पण अमोनिया मोकळा होतो. त्यामुळे अमोनियाही बांधून ठेवणारं द्रावण घ्यावं. नव्या टाकीचं पाणी सारखं दुधाळ होत असेल आणि कारण सापडत नसेल तर इकडे बघा.

आणि दुसरा प्रश्न: बाटलीतले जिवाणू मिळतात ते कामाचे असतात का?

---

पाणवेल

काही असतात, काही नाही. बराच काळ असं धरलं जायचं की नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू म्हणजे नायट्रोबॅक्टर. 1998 साली होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी घरगुती प्रकारच्या गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या, तेव्हा ते काम नायट्रोस्पायरा वंशाचे जिवाणू करताना आढळले. त्यामुळे बाटलीत कोणते जिवाणू आहेत आणि ती दुकानात उन्हात किती दिवस पडली होती, यावर सगळं ठरतं. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे ज्याची टाकी जुनी आणि निरोगी आहे त्याच्याकडून वापरात असलेला स्पंज मागून आणा. ओल्या पिशवीत त्याच दिवशी आणा आणि आपल्या फिल्टरमध्ये बसवा.

---

अंगणवेल

एवढं सगळं करण्यापेक्षा एक सकर मासा सोडला की शेवाळाचा प्रश्न मिटतो ना? दुकानदाराने तेच सांगितलं. स्वस्तही आहे.

---

पंचगंगा_काठ

अंगणवेल, कृपा करून नको. दुकानात बोटाएवढा दिसतो तो टाकीत फूटभर होतो, काही दीड फुटाच्या आसपास जातात. लहानपणी थोडं शेवाळ खातो, मोठा झाल्यावर माशांचं खाणं खातो आणि विष्ठा इतकी टाकतो की शेवाळाला खत मिळतं. दोन फुटी टाकीत त्याला वळायलाही जागा नसते.

आणि मग लोक त्याला नेऊन तळ्यात सोडतात. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. आज भारतात केरळपासून बंगालपर्यंत तळ्यांत आणि नद्यांत तो माजलाय. अंगावर कठीण कवच असल्याने त्याला खाणारे फार थोडे, जाळी फाडतो, काठात बिळं करतो, आपल्या माशांची अंडी आणि खाणं संपवतो. विसर्जनाच्या कुंडात, नदीत, शेततळ्यात, कुठेही टाकीतला मासा सोडू नये. नको असेल तर दुकानात परत द्या. हे मी हात जोडून सांगतोय.

---

पाणवेल

शंभर टक्के सहमत. नेराइट जातीची गोगलगाय काच उत्तम साफ करते आणि गोड्या पाण्यात तिची पिल्लं वाढत नाहीत, त्यामुळे टाकी भरून जात नाही. तिची पांढरी टिंबाएवढी अंडी काचेवर आणि लाकडावर चिकटतात, तेवढं चालवून घ्यावं लागतं. मृदू पाण्यात तिचं कवच झिजतं, मुंबईकरांनी फिल्टरमध्ये मूठभर स्वच्छ धुतलेले शिंपल्यांचे तुकडे ठेवावेत. त्याने पीएचही स्थिर राहतो.

आणि शेवाळाचं खत कमी करायला घरातला मनी प्लांट. फांदीची फक्त मुळं पाण्यात राहतील अशी टाकीच्या कडेला अडकवा, पानं बाहेर. काही आठवड्यांत पांढरी मुळं खाली उतरतात आणि नायट्रेट ओढतात. पानांत चीक असतो, म्हणून पानं पाण्यात नकोत.

---

रानवाटा

माझ्या टाकीत खरी झाडं आहेत. पानांच्या कडांना काळे, दाढीसारखे झुबके आलेत, घासून निघत नाहीत. आणि मागच्या कोपऱ्यात खडीवर निळसर-हिरवा बुळबुळीत पापुद्रा, त्याला मातकट वास. दोन्ही एकच का?

---

पाणवेल

दोन्ही अगदी वेगळे.

पापुद्रा हे शेवाळच नाही, ते सायनोबॅक्टेरिया. अख्खा तुकडा सोलून निघतो आणि वास येतो, ही ओळख पक्की. जिथे पाणी फिरत नाही तिथे साचलेल्या गाळावर तो धरतो. सायफनने ओढून काढा, फिल्टरचं तोंड त्या कोपऱ्याकडे वळवा आणि वर सांगितलेला तीन-चार दिवसांचा अंधार करा. दुकानात काही जण प्रतिजैविक गोळ्या देतात. त्याने फिल्टरमधले जिवाणूही जातात, मी कोणालाही सुचवत नाही.

काळे झुबके म्हणजे तांबड्या शेवाळाच्या कुळातली जात, दिसते काळी. कार्बन डायऑक्साइड कमी-जास्त होत राहिला की पानांच्या कडा आणि फिल्टरची तोंडं धरते. फार माखलेली पानं सरळ कापून टाका. उरलेल्याला औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड लावता येतं, पण बाटलीवरची टक्केवारी आधी वाचा. आपल्याकडे बहुधा 6 टक्क्यांचं मिळतं, त्यात तितकंच आरओचं पाणी मिसळलं की 3 टक्के होतं. या 3 टक्क्यांच्या द्रावणाचा हिशेब चार लिटर पाण्याला 1 मिली, म्हणजे 45 लिटरला साधारण 11 मिली, त्याच्या वर जाऊ नका. फिल्टर बंद करा, बिनसुईच्या इंजेक्शनने द्रावण थेट झुबक्यावर हळूहळू सोडा, पाच-दहा मिनिटांनी फिल्टर चालू करा. दोन-तीन दिवसांत काळा रंग गुलाबी होतो, म्हणजे ते मेलं. कोळंबी किंवा मॉस असेल तर अर्ध्या प्रमाणाने सुरुवात करा. शेवाळ मारायची तयार औषधं घ्याल तर त्यात तांबं नाही ना ते बघा, तांब्याने गोगलगाय आणि कोळंबी मरतात.

बाकी काचेवरचे दोन प्रकार पटकन सांगते. बोट फिरवल्यावर निघणारी तपकिरी पूड म्हणजे डायटम, नव्या टाकीत येतात आणि काही आठवड्यांत आपोआप जातात. बोटाने न निघणारे घट्ट हिरवे ठिपके म्हणजे उजेड जास्त. ते ब्लेडने खरवडा, पण टाकी ॲक्रिलिकची असेल तर ब्लेड लावू नका.

---

सह्यवारा

रविवारी बघितलं. साडेअकराला ऊन टाकीच्या डाव्या काचेवर आलं आणि पावणेतीनपर्यंत होतं. कागद लावलाय, चादर उद्यापासून. एक शेवटचं विचारतो: आमच्या गावच्या घरी दुसरी टाकी आहे, तिथे वीज कधी कधी अर्धा दिवस जाते. वीज आल्यावर हमखास पाणी गढूळ होतं.

---

पाणवेल

बंद डब्याचा बाहेरचा फिल्टर असेल तर हे होणारच. वीज गेली की डब्यातलं पाणी थांबतं, आतले जिवाणू काही तासांत ऑक्सिजन संपवतात आणि मरायला लागतात. वीज आल्यावर तेच सडलेलं पाणी टाकीत येतं. पाच-सहा तासांच्या वर वीज गेली असेल तर फिल्टर लगेच चालू करू नका. डब्यातलं पाणी ओतून द्या, स्पंज टाकीच्या पाण्यात एकदा हलवून घ्या आणि मग चालू करा. त्या दिवशी खाणं देऊ नका.

गावच्या टाकीला मी साधा स्पंज फिल्टर सुचवेन, एअर पंपावर चालणारा. तो टाकीत उघडाच असतो, त्यामुळे वीज गेली तरी थोडा तग धरतो. बॅटरीवरचा छोटा एअर पंप मिळतो, तो घेऊन ठेवा, वीज गेली की त्याचीच नळी या स्पंजला जोडायची. पंप टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा किंवा नळीत एकमार्गी झडप बसवा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटं नळीतून पंपात उतरतं.